राष्ट्रीय जीनोम प्रकल्पाचा अहवाल कसा वाचावा

आइसलँड, एस्टोनिया, मेक्सिको, सिंगापूर, ब्रिटन, कतार आणि भारत या देशांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपापल्या लोकांच्या डीएनएचे मोठे संग्रह उभे केले आहेत, आणि त्यांपैकी अनेकांच्या नावातच देशाचे नाव आहे. असा प्रकल्प जाहीर होतो तेव्हा त्याची ओळख आरोग्याच्या भाषेत करून दिली जाते: मधुमेह, हृदयविकार, दुर्मिळ आनुवंशिक आजार, औषधांची योग्य मात्रा. त्याच घोषणेत बहुधा आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. ‘आपण’ म्हणजे नेमके कोण, आपण किती जुने, किती एकसंध आणि शेजाऱ्यांहून किती वेगळे, याचे एक चित्र वैज्ञानिकांच्या स्वाक्षरीनिशी वाचकाच्या हाती पडते. पहिल्या गोष्टीवर भरपूर लिहिले जाते आणि दुसरी सहज नजरेतून निसटते. ती कशी ओळखावी, हे शिक्षक, पत्रकार आणि चिकित्सक वाचक यांना सांगण्यासाठी पुढील मजकूर आहे. तो वाचायला जनुकशास्त्राचे शालेय ज्ञान पुरे आहे.

एक गृहीत आरंभीच मांडलेले बरे. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए जवळजवळ ९९.९ टक्के सारखा असतो. उरलेल्या फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहातल्या माणसामाणसांत आढळतात, असे रिचर्ड लेवाँटिन यांनी रक्तगट आणि प्रथिने यांच्या आधारे १९७२ साली मांडले, आणि नंतरच्या डीएनए अभ्यासांतूनही साधारण तसेच चित्र समोर आले. आनुवंशिक आजार कुटुंबातून, पोटजातीतून किंवा एखाद्या खोऱ्यातल्या गावांतून चालत येतो, तर पूर्वजांचा माग काढू लागले की तो चार-पाच देश ओलांडून जातो. या दोन्हींच्या मध्ये ‘देश’ हे एकक आपोआप कुठेच बसत नाही. म्हणजे ते कोणीतरी कोणत्यातरी टप्प्यावर आत आणलेले असते. तसे आणणे लबाडीचे असते असे मुळीच नाही, बहुतेक वेळा ते सोयीचे असते. पण तो टप्पा कोणता, हे वाचकाला सापडले पाहिजे.

पैसा आणि कायदा आधी पाहावा

प्रकल्पाला पैसा कोण देतो, माहितीची मालकी कोणाकडे राहते आणि त्यासाठी संसदेने वेगळा कायदा केला आहे का, या तीन प्रश्नांपासून सुरुवात करावी. आइसलँडचे उदाहरण येथे फार उपयोगी पडते. तेथील संसदेने डिसेंबर १९९८ मध्ये आरोग्यविषयक केंद्रीय माहितीसंचाचा कायदा केला, आणि सर्व नागरिकांच्या वैद्यकीय नोंदी एकत्र करून वापरण्याचा परवाना कारी स्टेफानसन यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या डीकोड जेनेटिक्स या खासगी कंपनीला मिळाला. नागरिकाने स्वतःहून नकार नोंदवला नाही, तर त्याची संमती आहे असे धरले जाणार होते. सुमारे पावणेतीन लाख वस्तीचे हे बेट शतकानुशतके एकाकी राहिले, वंशावळी हजार वर्षे मागे नेता येतात आणि समाज एकजिनसी आहे, म्हणून हे राष्ट्र संशोधनासाठी आदर्श आहे, असे योजनेचे समर्थक सांगत. राष्ट्राभिमान आणि गुंतवणूकदारांना दाखवायचे मूल्य ही दोन्ही त्या एकाच युक्तिवादात होती, हे ध्यानात घ्यावे.

सुमारे २०,००० लोकांनी नकार नोंदवला. आपल्या मृत वडिलांची नोंद या संचात जाऊ नये म्हणून एक मुलगी न्यायालयात गेली. वडिलांच्या माहितीवरून मुलीविषयी निष्कर्ष काढता येतात, त्यामुळे तिला हरकत घेण्याचा अधिकार आहे, असे आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले. तो केंद्रीय संच शेवटपर्यंत उभा राहिला नाही. कंपनीने पुढे स्वेच्छेने सहभागी झालेल्या दीड लाखाहून अधिक लोकांच्या आधारे काम चालू ठेवले, आणि २०१२ मध्ये ती अमेरिकेच्या ॲमजेन कंपनीने विकत घेतली. गंमत अशी की ज्या एकजिनसीपणाचा एवढा बोलबाला झाला, त्याला याच परंपरेतल्या संशोधनाने छेद दिला. आइसलँडमधील पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा बहुतांश स्कँडिनेव्हियाकडचा निघाला, तर आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा अर्ध्याहून अधिक भाग स्कॉटलंड-आयर्लंडकडचा. व्हायकिंगांचे म्हणवणारे राष्ट्र निम्मे गेलिक आयांचे आहे, आणि त्यांतल्या अनेकींना गुलाम म्हणून आणले असावे असे इतिहासकार मानतात. एकजिनसीपणाच्या जाहिरातीत या बायकांना जागा नव्हती.

मेक्सिकोने वेगळी वाट धरली. तेथे २००४ मध्ये सरकारी राष्ट्रीय जीनोम वैद्यक संस्था स्थापन झाली आणि २००८ मध्ये आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून मेक्सिकन लोकांचे जनुकीय नमुने परवानगीशिवाय देशाबाहेर नेणे दंडनीय ठरवण्यात आले. या धोरणाला ‘जीनोम सार्वभौमत्व’ असे नाव मिळाले. यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि त्या वेगळ्या करून वाचाव्या लागतात. गरीब देशांतून रक्त न्यायचे, औषधे आणि पेटंटे श्रीमंत देशांत तयार करायची, हा अनुभव खरा आहे आणि त्याविरुद्ध कायदा करणे रास्त आहे. मात्र ‘मेक्सिकन जीनोम’ नावाची एक स्वतंत्र वस्तू आहे आणि ती खनिज तेलासारखी राज्याच्या मालकीची आहे, हे म्हणणे निराळे आहे. कायद्याचा मसुदा मिळवून त्यात नमुना देणाऱ्याचे हक्क किती ओळींत आहेत आणि राज्याचे किती, एवढे पाहिले तरी त्याचा कल समजतो.

भारतीय वाचकाने याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जगभर वापरल्या गेलेल्या आंतरराष्ट्रीय हॅपमॅप आणि ‘एक हजार जीनोम’ या संग्रहांत भारताचे प्रतिनिधित्व बराच काळ अमेरिकेतील ह्यूस्टनमध्ये राहणारे गुजराती आणि ब्रिटनमधले तेलुगू लोक करत होते. स्थलांतरितांच्या या छोट्या गटांवरून सव्वाशे-दीडशे कोटी लोकांविषयी अनुमाने काढली जात. त्यामुळे स्वतःचा प्रकल्प हवा, या भारतीय संशोधकांच्या मागणीत केवळ अभिमान शोधणे अन्यायाचे होईल.

नमुना निवडण्याचा नियम शब्दशः वाचावा

सगळ्या अहवालात वाचण्यासारखे एकच पान निवडायचे झाले, तर ते ‘पद्धती’ या प्रकरणातले, कोणाचे रक्त घेतले हे सांगणारे पान असावे. बातमीत ते जवळजवळ कधीच येत नाही.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील वॉल्टर बॉडमर, पीटर डॉनेली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ब्रिटिश बेटांवरील लोकांचा एक सूक्ष्म जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. त्यात २,०३९ लोक होते. अट अशी होती की माणूस ग्रामीण भागातला असावा आणि त्याच्या चारही आजी-आजोबांचा जन्म एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत झालेला असावा. त्या आजी-आजोबांचे सरासरी जन्मवर्ष १८८५ येते. म्हणजे हा नकाशा आजच्या ब्रिटनचा नाही, विसाव्या शतकातल्या मोठ्या स्थलांतरांआधीच्या खेड्यापाड्यांतल्या ब्रिटनचा आहे. संशोधकांनी हे उघडपणे सांगितले आहे, कारण त्यांना जुन्या वसाहतींचे ठसे शोधायचे होते आणि त्यासाठी हीच अट योग्य होती. पण वर्तमानपत्रात तो नकाशा ‘ब्रिटिश लोकांचा’ म्हणून छापला गेला की लेस्टरमधले गुजराती, ब्रॅडफर्डमधले पंजाबी आणि लंडनमधले जमैकन हे त्या ‘ब्रिटिश’ शब्दातून आपोआप गळतात, आणि त्यांच्यासोबत पूर्व युरोपातून आलेल्यांची नातवंडेही. नियम बदलला असता तर राष्ट्राचे चित्रही बदलले असते.

त्या नकाशाने आणखी काय दाखवले, तेही सांगायला हवे, कारण अशी संशोधने राष्ट्रवादाला नेहमीच पोषक ठरतात असे नाही. त्यात सतरा गट दिसले. कॉर्नवॉल आणि डेव्हन या शेजारी परगण्यांमधली जनुकीय सीमा जवळजवळ त्यांच्या प्रशासकीय हद्दीवरच आली. आणि स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल व उत्तर आयर्लंड यांना जोडणारा एक ‘केल्टिक’ लोकसमूह मात्र सापडला नाही. ‘आम्ही केल्ट’ या भावनेवर उभ्या असलेल्या प्रादेशिक अस्मितांना हा निष्कर्ष सोयीचा नव्हता.

सिंगापूरमध्ये नियम ओळखपत्रातून येतो. तेथे नागरिकाची चिनी, मलय, भारतीय किंवा इतर अशी नोंद असते आणि शाळेतील भाषेपासून घरवाटपापर्यंत ती लागू होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,८१० जीनोमच्या अभ्यासात २,७८० चिनी, ९०३ मलय आणि १,१२७ भारतीय होते. वसाहतकाळातल्या जनगणनेने पाडलेले आणि नंतरच्या राज्याने टिकवलेले खाने अशा रीतीने प्रयोगशाळेत पोहोचतात, आणि तेथून बाहेर येताना ते निसर्गानेच पाडले होते असा भास होतो. ‘भारतीय’ या खान्यात तमिळ, मलयाळी, पंजाबी, सिंधी सगळे एकत्र असतात, हे एका वाक्यात नोंदवलेले असेल तर अहवाल प्रामाणिक समजावा.

गटांची नावे कोणी ठेवली

भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांनी २००३ मध्ये हाती घेतलेल्या जनुकीय वैविध्य प्रकल्पाचा निबंध २००८ मध्ये आला. त्यात ५५ लोकसमूहांतील १,८७१ व्यक्ती होत्या. एखाद्या जातीवर किंवा जमातीवर आजाराचा शिक्का बसू नये म्हणून समूहांची नावे न छापता सांकेतिक अक्षरे वापरली गेली, ही सावधगिरी स्तुत्य होती. मात्र ती अक्षरेही वाचावीत. पहिला भाग भाषाकुळाचा, दुसरा दिशेचा, तिसरा मोठी लोकसंख्या, विशेष समूह किंवा एकाकी समूह असा. भाषाकुळ, प्रदेश आणि जात-जमात या तीन अक्षांवर देश मांडण्याची ही रीत भाषावार प्रांतरचना आणि जनगणना यांतून आपल्याला इतकी परिचित आहे की तिच्यात काही निवड झाली आहे असे वाटतही नाही. त्यात एका समूहाला भाषाकुळाच्या जागी ‘बाह्यगट’ असे अक्षर मिळाले. हा समूह आफ्रिकी पूर्वजांचा असून सुमारे पाचशे वर्षे पश्चिम भारतात राहतो. सांख्यिकीच्या दृष्टीने तो शब्द अचूक आहे, पण पाचशे वर्षांनंतरही एखादा समाज राष्ट्राच्या तक्त्यात बाहेरचा ठरतो, याची नोंद वाचकाने घ्यावी.

नावाखाली काय दडते हे मराठी वाचकाला इरावती कर्वे यांच्या कामावरून चांगले कळेल. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्यासारख्या वंशवादी मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्यांवर प्रबंध लिहून परतलेल्या इरावतीबाईंनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात महाराष्ट्रातील जातींची मोजमापे घेतली, आणि के. सी. मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ अंतर्विवाही गटांची जीवशास्त्रीय तुलना प्रसिद्ध केली. वर्ण एक, सामाजिक दर्जा एक, तरी हे आठ गट एकाच साच्यातले नाहीत असे त्यातून दिसले. म्हणून एखाद्या अहवालात ‘महाराष्ट्रातील ब्राह्मण’, ‘मराठा’ किंवा ‘आदिवासी’ असे एका ओळीचे नाव दिसले, तर नमुने कोणत्या जिल्ह्यातून आणि कोणत्या पोटजातीतून घेतले, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मेक्सिकोच्या २००९ मधील पहिल्या मोठ्या अभ्यासाकडेही असेच पाहावे. सहा राज्यांतील ३०० ‘मेस्तिसो’, म्हणजे मिश्र वंशाचे मानले जाणारे लोक, आणि वाहाका राज्यातील ३० झापोटेक मूलनिवासी, असे त्याचे स्वरूप होते. १९१० च्या क्रांतीनंतर मेक्सिकोने युरोपीय आणि मूलनिवासी यांच्या संकराला राष्ट्राचा पाया मानले, आणि हाच मेस्तिसो प्रयोगशाळेत सरासरी मेक्सिकन ठरला. त्या अभ्यासातच सोनोरा राज्यात युरोपीय अंश अधिक आणि गेरेरो राज्यात मूलनिवासी अंश अधिक, असा मोठा फरक दिसला होता. पुढे २०१४ मध्ये वीस मूलनिवासी समूहांचा अभ्यास झाला तेव्हा सेरी आणि लाकांदोन या दोन समूहांमधील अंतर युरोपीय आणि पूर्व आशियाई लोकांमधील अंतराएवढे निघाले. तीस झापोटेकांनी सगळ्या मूलनिवासींची जागा भरून काढणे किती अपुरे होते, हे त्यावरून लक्षात येते.

रंगीत पट्ट्या आणि ठिपके

अशा निबंधांत दोन आकृत्या हमखास असतात. एकीत प्रत्येक माणूस म्हणजे एक उभी पट्टी असते आणि ती वेगवेगळ्या रंगांत विभागलेली असते. येथे रंगांची संख्या संशोधक संगणकाला आधी सांगतो. तीन सांगितली तर तीन ‘मूळ’ गट दिसतात, सात सांगितली तर सात. रंगांना नावे नंतर माणसे देतात. म्हणून एकच संख्या दाखवली आहे की अनेक संख्यांच्या आकृत्या शेजारी दिल्या आहेत, ते पाहावे. दुसऱ्या आकृतीत प्रत्येक माणूस एक ठिपका असतो, आणि दोन ठिपक्यांमधले अंतर आकृतीत आणखी कोणाकोणाला घेतले आहे यावर बरेचसे अवलंबून असते.

नावे देणे किती नाजूक असते, याचा नमुना हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातला आहे. लालजी सिंग, कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राईक यांच्या गटाने २००९ मध्ये २५ समूहांतील १३२ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक भारतीय समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यांपैकी एकाचा संबंध पश्चिम युरेशियाशी स्पष्ट दिसत होता, पण थेट तसे नाव देण्याला भारतीय सहकाऱ्यांचा विरोध झाला आणि चर्चेअंती ‘पूर्वज उत्तर भारतीय’ आणि ‘पूर्वज दक्षिण भारतीय’ ही नावे ठरली, असे राईक यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे. वैज्ञानिक आकडे तेच राहिले, पण दोन्ही पूर्वज नावापुरते भारतीय झाले. माझ्या मते यात फसवणूक नाही. तह मात्र आहे, आणि वाचकाला तो माहीत असावा.

चार वर्षांनी आलेल्या निबंधात या मिश्रणाचा काळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा सांगितला गेला. त्यानंतर सरमिसळ जवळजवळ थांबली आणि जातीअंतर्गत विवाह रूढ झाले. या एकाच निष्कर्षातून दोन कथा निघतात. ‘आपण सारे मिश्र, म्हणून सारे एक’ ही पहिली, आणि ‘दोन हजार वर्षांपूर्वी आपण एकमेकांत लग्ने करणे थांबवले’ ही दुसरी. भाषणांत आणि मथळ्यांत पहिली वारंवार भेटते. दुसरीसाठी निबंध वाचावा लागतो.

निबंध आणि पत्रकार परिषद शेजारीशेजारी ठेवावी

ही पायरी सर्वांत जास्त वेळ घेते आणि सर्वांत जास्त फळ देते. राखीगढीचे प्रकरण तिच्यासाठी मुद्दाम घ्यावे.

हरियाणातील हिसार जिल्ह्यातल्या या हडप्पाकालीन स्थळी डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथील साठहून अधिक सांगाड्यांच्या नमुन्यांतून वापरण्याजोगा प्राचीन डीएनए फक्त एका स्त्रीच्या अवशेषांतून मिळाला. उष्ण हवामानात डीएनए टिकत नाही, हे त्याचे कारण. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन निबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. पहिला या एका स्त्रीविषयी होता. तिच्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातील, म्हणजे स्टेपमधील, पशुपालकांचा अंश नाही आणि इराणी शेतकऱ्यांचाही नाही, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. दुसरा निबंध ५२३ प्राचीन व्यक्तींच्या आधारे दक्षिण आणि मध्य आशियाच्या लोकसंख्येचा इतिहास सांगत होता. त्यानुसार स्टेपमधील पशुपालकांचा अंश दक्षिण आशियात इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात, म्हणजे हडप्पा नगरे ओसरल्यानंतर, आला आणि आजच्या अनेक भारतीयांत तो आहे. दोन्ही निबंधांच्या लेखकांत शिंदे, राईक आणि इतर काही जण समान होते.

शेजारी ठेवले तर दोन्ही निबंधांत विरोध नाही. स्टेपचा अंश नंतर आला असेल, तर त्याआधीच्या स्त्रीत तो नसणारच. किंबहुना पहिल्या निबंधाच्या चर्चेतही, इंडो-युरोपीय भाषा पूर्व युरोप व मध्य आशियामार्गे त्याच काळात दक्षिण आशियात आल्या असण्याची शक्यता मांडलेली आहे. पत्रकार परिषदेतून आणि बातम्यांतून मात्र ‘आर्यांचे आगमन झालेच नाही’ असा संदेश गेला. ‘तिच्यात नाही’ याचे ‘कधीच आले नाही’ असे रूपांतर प्रयोगशाळेत झाले नाही, ते व्यासपीठावर झाले. पुढे २०२४ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात राखीगढीच्या डीएनएवर मजकूर आला, आणि त्यातही हडप्पाकाळापासून अखंड सातत्य असल्याचा आणि आर्यांचे मोठे स्थलांतर झाले नसल्याचा सूर होता. विद्यार्थ्याला तेथे दुसरा निबंध भेटत नाही.

उलट बाजूचा अतिरेकही तपासावा. ‘स्थलांतर सिद्ध झाले, म्हणजे आक्रमण सिद्ध झाले’ किंवा ‘अमुक जात परकी ठरली’ असे म्हणणाऱ्यांनाही हे निबंध आधार देत नाहीत. डीएनए माणसांची हालचाल दाखवतो. ती तलवारीने झाली की गुरांच्या कळपांमागून, हे त्यातून थेट कळत नाही. आणि एका स्त्रीवरून संपूर्ण संस्कृतीविषयी किती बोलावे, हा प्रश्न दोन्ही बाजूंना लागू आहे. तुर्कमेनिस्तानातील गोनूर आणि इराणमधील शहर-ए-सोख्ता येथे तशाच जनुकीय रचनेच्या अकरा व्यक्ती सापडल्या होत्या, म्हणून ती स्त्री अगदी एकटी नाही, इतकेच म्हणता येते.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग करण्यासारखा आहे. दोन्ही निबंधांचे सारांश आणि त्या आठवड्यातल्या दोन बातम्या द्याव्यात, आणि प्रत्येक बातमीतील कोणते वाक्य कोणत्या निबंधातून आले, ते विद्यार्थ्यांना रेघ ओढून जोडायला सांगावे. काही वाक्यांना जोडायला काहीच सापडणार नाही.

वैद्यकीय दाव्याचे एकक

‘भारतीयांसाठी औषधे’, ‘एस्टोनियन लोकांसाठी उपचार’ अशा शब्दांपाशी थांबून त्या आजाराचे खरे एकक कोणते, हे विचारावे. हृदयाचे स्नायू दुबळे करणारा एक जनुकीय बदल दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत आहे, आणि तो भारतात जसा आहे तसाच पाकिस्तान आणि श्रीलंकेतही आहे. येथे एकक देशापेक्षा मोठे झाले. आर्य वैश्य समाजातील काहींना भूल देताना स्नायू शिथिल करणारे एक औषध दिल्यास त्याचा परिणाम धोकादायकरीत्या लांबतो. येथे एकक एका जातीचे आहे. दक्षिण आशियातील २६३ समूहांच्या २०१७ मधील अभ्यासात ८१ समूह असे निघाले की त्यांच्यातील जनुकीय कोंडी, म्हणजे थोड्याच पूर्वजांपासून समूह वाढल्याचा परिणाम, फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र होती, आणि अशा समूहांत विरळ आजार वाढतात. गडचिरोली आणि नंदुरबारमध्ये सापडणाऱ्या सिकलसेलच्या जनुकाचा भारतीय प्रकार पूर्व सौदी अरेबियातल्या लोकांतही आहे. पैसा, नियम आणि रुग्णालये देशाची असतात, म्हणून प्रकल्प देशाचा असणे योग्यच आहे. पण ‘भारतीय जीनोम’ असे एकवचनी नाव घेतले की सर्वांत उपयुक्त माहिती, म्हणजे ही समूहासमूहांतली तफावत, नावातूनच पुसली जाते.

प्रयोगशाळेतून चौकीवर

संशोधनासाठी पाडलेले खाने नंतर नागरिकत्वाच्या कामाला लावले जातात का, यावर लक्ष ठेवावे. ब्रिटनच्या सीमा यंत्रणेने २००९ मध्ये सोमाली असल्याचे सांगणाऱ्या आश्रयार्थींचे राष्ट्रीयत्व डीएनए आणि समस्थानिकांवरून तपासण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. पूर्वज आणि राष्ट्रीयत्व यांची ही गल्लत आहे, अशी वैज्ञानिकांनीच कठोर टीका केली आणि तो गुंडाळावा लागला. हंगेरीत २०१२ मध्ये एका प्रयोगशाळेने एका लोकप्रतिनिधीला त्याच्यात रोमा (युरोपातील एक अल्पसंख्य समाज) किंवा ज्यू अंश नसल्याचे प्रमाणपत्र दिल्याचे उघड झाले. कुवेतने २०१५ मध्ये सर्व नागरिक आणि परदेशी व्यक्तींच्या डीएनएची सक्ती करणारा कायदा केला, तो तेथील घटनात्मक न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवला. आपल्याकडेही २०२२ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय ‘वांशिक शुद्धता’ तपासण्याच्या अभ्यासाला पैसा देणार असल्याची बातमी आली, वैज्ञानिकांनी निषेध केला आणि मंत्रालयाने ती बातमी दिशाभूल करणारी असल्याचे सांगितले.

लिहिताना आणि नमुना देताना

या विषयावर स्वतः लिहायचे असेल तर ‘भारतीयांचे जनुक’ याऐवजी ‘अभ्यासात घेतलेल्या अमुक समूहांतील’ असे लिहावे, टक्केवारी देताना ती कोणत्या प्राचीन समूहाच्या तुलनेत आहे हे त्याच वाक्यात सांगावे, आणि भाषा, धर्म व वंश यांची नावे एकमेकांच्या जागी वापरू नयेत. ‘आर्य’ आणि ‘द्रविड’ ही मुळात भाषाविषयक वर्गीकरणे आहेत, त्यांना रक्ताचे नाव करू नये. वाक्य लांबेल, पण ते लांबू द्यावे.

आणि एखाद्या शिबिरात आपल्याकडूनच रक्त मागितले गेले, तर सही करण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. माझी नोंद कोणत्या समूहाखाली होईल आणि ते नाव कोण ठरवेल. माहिती देशाबाहेरील किंवा खासगी संस्थांना मिळू शकेल का. आजारासाठी दिलेला नमुना उद्या वंशाच्या अभ्यासाला वापरला जाईल का. आणि मी नंतर माघार घेतली तर नमुन्याचे काय होईल. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार माघार घेण्याचा हक्क सहभागी व्यक्तीला आहे आणि संमतीपत्रक तिला समजेल अशा भाषेत असणे आवश्यक आहे. मराठी प्रत नसेल तर ती मागावी, सही केलेल्या पत्रकाची एक प्रत स्वतःकडे ठेवावी आणि त्यावर संस्थेच्या नैतिकता समितीचा संपर्क दिलेला आहे की नाही, हे तेथेच पाहून घ्यावे.